काडीचा वास

२ फेब्रुवारी

मामा,

'तीर्थरूप' लिहिलं की तुम्ही म्हणता, अजून मला फुलं वाहू नका. म्हणून नुसतंच मामा.

फोन केला असता, पण फोनवर तुम्ही अर्धं ऐकता आणि उरलेलं मामीला विचारता. शिवाय नियम तुमचाच आहे. वास तोंडानं सांगायचा नाही, कागदावर लिहायचा. लिहिता आला नाही तर तो कळलाच नाही असं समजायचं. मी नऊ वर्षांची होते तेव्हा हा नियम घातलात. आता चाळिशी आली, अजून पाळतेय बघा.

बातमी ही की माझी अकरा पिंपं तयार झाली. मामीला पत्रं मोठ्यानं वाचायची हौस, तेव्हा तिच्यासाठी थोडं उलगडून लिहिते. मामी, ही व्हिस्की आठ वर्षं साध्या लाकडी पिंपांत मुरली आणि मग शेवटचे चौदा महिने मी तिला शेरीच्या पिंपांत मुक्कामाला पाठवलं. शेरी म्हणजे एक वाईन. ती ज्या लाकडात राहून गेली त्या लाकडात व्हिस्की ठेवली की वाईनचा वास, गोडी, रंग, सगळं हळूहळू तिच्यात उतरतं. उतरलं तर. नाहीतर सगळं मुसळ केरात.

रिकामी पिंपं चौदा आली होती. वाटेत लाकूड आंबू नये म्हणून पाठवणारे आत गंधकाची वात जाळतात. जास्त जाळली की लाकूड ते धरून ठेवतं आणि पुढे व्हिस्कीत आपली काडी येते. चौदाच्या चौदा पिंपांत मी डोकं घालून हुंगलं. तीन पिंपांत काडी होती, तिन्ही परत. पिंपांचं काम बघणारा सुतार म्हणाला, "बाई, तुम्हाला नाक आहे की पोलिसांचं कुत्रं?"

मामी, काडीची गोष्ट तुला माहीत नसेल. मामांनी एकदा आगकाडी ओढली, फुंकली आणि माझ्या नाकाखाली धरून विचारलं, काय येतंय? मी म्हटलं, काडी. ते म्हणाले, गंधक म्हण. मी म्हटलं, नाही, काडीच. ती नाकाला चावते. तेव्हापासून सगळं जग गंधक म्हणतं आणि आम्ही दोघंच काडी म्हणतो.

आता मुद्दा. इथला माल आजवर नेहमीच्या स्वस्त मिश्रणात जात आलाय, दहा ठिकाणची दारू एकत्र. मालक म्हणाले, तुझी स्पर्धेत टिकली तर अकराही पिंपं सिंगल माल्ट म्हणून काढू. आपल्या एकट्या कारखान्याची, बाहेरचा थेंब नाही, आणि बाटलीवर तुझी सही. नाही टिकली तर तीही मिश्रणात. सोळा वर्षं या गोदामात काढली मी, मामा. माझं म्हणावं असं हे पहिलंच. जीव नुसता टांगणीला लागलाय.

तुम्ही यंदा परीक्षक आहात का? मागच्या वर्षी म्हणत होतात, आता पुरे. आणि त्या तापातून नीट उठलात ना? सहा महिने होत आले, तापाबद्दल एक ओळ नाही.

तुमची
नाकतोडी


११ फेब्रुवारी

नाकतोडे,

तुझं पत्र मामीनं खणखणीत वाचलं. 'पोलिसांचं कुत्रं' दोनदा वाचलं.

हो, यंदाही परीक्षक मीच, आणि प्रमुख मीच. त्यामुळे तोंडाला कुलूप. काय पाठवतेस, कधी पाठवतेस, एक अक्षर लिहू नकोस. जे लिहिलंस तेच जास्त झालं. तसे सगळे ग्लास नंबराचे असतात, काच गडद निळी, रंगसुद्धा दिसत नाही. कुणाचं काय ते ब्रह्मदेवाच्या बापाला कळायचं नाही. तरी पण नको. उद्या पदक मिळालं तर लोक म्हणतील, मामानं भाचीला दिलं. आणि नाही मिळालं तर तूच म्हणशील, मामानं मुद्दाम दिलं नाही. निकालापर्यंत पत्र बंद.

ताप गेला. मला काय धाड भरलीय? मामी तुला काही वेगळं लिहील, ते मनावर घेऊ नकोस. परवा दूध करपलं आणि मी ओट्याशेजारीच पेपर वाचत बसलो होतो, त्यावरून घर डोक्यावर घेतलं तिनं. "नाक कुठं गहाण टाकलंत का?" म्हणे. अगं, मी शब्दकोड्यात होतो! उभे सात अडलं होतं.

पुरे म्हणालो होतो खरं. पण त्यांचं पत्र आलं, तुमच्याशिवाय टेबल भरत नाही वगैरे, आणि भरून आलं. माणसाकडे एखादीच गोष्ट धड असते. केस गेले, गुडघे गेले, कान अर्धे गेले. नाक आहे म्हणून लोक अजून उठून खुर्ची देतात. ते सोडून मी काय करू, शब्दकोडी?

पिंपांत डोकं घातलंस हे उत्तम केलंस. शाबास.

तुझा
मामा


२० मार्च

नाकतोडे,

जिंकलो! म्हणजे जिंकलं दुसरंच कुणीतरी, पण मी जिंकलो.

निकाल लागलाय, आता सांगायला हरकत नाही. एकेचाळीस ग्लास, दोन दिवस, आम्ही पाच जण. लांब टेबल, पांढरा कपडा, प्रत्येकाशेजारी थुंकायचं भांडं. खिडक्या बंद. एक जण अत्तर लावून आला होता, त्याला मी तोंड धुवून यायला लावलं. पहिला दिवस आपला ठीक गेला. दुसऱ्या दिवशी तेविसावा ग्लास आला. नाक घातलं आणि काय सांगू तुला! काडी! सण्णकन चावली. माझ्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं, खोटं नाही सांगत.

बाकीचे चौघं आरामात. चौघांनी भरभरून आकडे लिहिलेले. एक जण तर म्हणत होता, पदक याचंच. मी म्हटलं, थांबा मंडळी, यात गंधक आहे, पुन्हा घ्या. पुन्हा घेतलं. तर दोघं लगेच म्हणाले, हो की, मागे थोडं आहे खरं. तिसऱ्यानं खांदे उडवले. चौथा म्हणाला, मला काही येत नाही, पण तुमच्यापुढे आम्ही काय बोलणार. दोषाच्या बाबतीत प्रमुखाचा शब्द शेवटचा. ग्लास बाद. शेऱ्यात 'गंधक' लिहायला पेन टेकवलं आणि म्हटलं, छे! आपला शब्द लिहायचा. 'काडी. कारागिरानं पिंप घेताना नाक वापरावं.' ठणकावून लिहिलं.

घरी येऊन मामीला सांगितलं, तुझा नवरा अजून जागा आहे. तिनं नुसता चहा ठेवला. तिला कळायचं नाही गं. कितीतरी दिवसांनी नाकात असं काही आलं. म्हणजे, इतकं स्पष्ट असं.

पदकांच्या यादीत तुमच्या कारखान्याचं नाव दिसलं नाही. पाठवलंच नव्हतंस की काय? कळव.

तुझा
मामा


२ एप्रिल

मामा,

अभिनंदन. तुमचं पत्र वाचून हसू आलं, अत्तरवाल्याचं वाचून तर जास्तच. आमचं यंदा काही जमलं नाही. त्याबद्दल पुढे कधीतरी लिहीन.

एक विचारायचं होतं. काडी अशी असू शकते का, की मला अजिबात कळू नये आणि जाणत्या माणसाला एका हुंगण्यात कळावी? इथे एक नमुना आहे. आठ दिवस रोज सकाळी, चहाच्या आधी, साबणानं हात न धुता, मी तो हुंगतेय. पाणी घालून, न घालता, तळहातावर चोळून. रिकामा ग्लास रात्रभर झाकून ठेवून सकाळी हुंगला. मला काडी सापडत नाही. पण ज्या माणसानं ती सांगितली त्याच्यावर माझा स्वतःपेक्षा जास्त भरवसा आहे.

मालकांना विचारलं. ते म्हणाले, "मला तर फळं येतात बुवा. पण नाक तुझं. तू म्हणशील ती पूर्व." सुतारानंही हुंगून मान हलवली, नाही म्हणून. पण त्या दोघांचं काय, ते काही शिकलेले नाहीत.

मामा, असं होतं का हो, की नाक चालू असतं, सगळं येतं, आणि एकच गोष्ट येईनाशी होते?

तुमची
नाकतोडी


१० एप्रिल

नाकतोडे,

होतं. आणि त्याला कारण नाक नसतं, माया असते. जे आपण स्वतः वाढवलं, ज्याची वाट बघितली, त्यात आपल्याला खोट दिसत नाही. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. मालकाला फळं येतात म्हणे! त्याला विकायचंय, त्याला फळंच येणार. आणि सुताराला रंध्याचा भुसा सोडून दुसरं काय कळतं?

जाणत्या माणसानं सांगितलंय ना? मग वाद संपला. मन घट्ट कर आणि ओतून टाक. रडत बसू नकोस.

आणखी एक सांगतो, कडू लागेल. ज्याला काडी कळत नाही त्यानं पिंपांपासून दूर व्हावं. निदान काही दिवस. या धंद्यात मी अशी माणसं पाहिलीत, नाक कधीच गेलेलं असतं आणि ऐट जशीच्या तशी. खुर्चीला चिकटून बसतात. कुणी सांगायला जात नाही, कारण मोठी माणसं पडली. आणि त्यांच्या एका शब्दानं दुसऱ्याचं वाटोळं होतं. तू तसली होऊ नकोस. तुला मी शिकवलंय, माझं नाक कापू नकोस.

जरा जास्तच लिहिलं का? लिहिता लिहिता तापलो. मामी म्हणते, पोरीला कशाला झापता. पण गुरूनं नाही झापायचं तर कुणी?

तुझा
मामा


६ मे

मामा,

ओतलं.

मंगळवारी सकाळी. पिंपं आडवी होती, सुतारानं एकेकाचं बूच ठोकून काढलं, नळी लावली आणि सगळं खालच्या मोठ्या टाकीत सोडलं. टाकीत आधीच मिश्रण होतं, अर्ध्याच्या वर. दोन तास लागले. सगळं गोदाम त्या वासानं भरलं होतं आणि मी नाकावर रुमाल धरून उभी होते, कारण मला काही येऊच नये असं वाटत होतं. मालकांनी दोनदा विचारलं, नक्की ना? स्पर्धा गेली तर गेली, तू म्हणालीस तर तरीही बाटलीत काढू. मी म्हटलं, नक्की. बाटलीवर करायची होती ती सही टाकीच्या कागदावर केली.

आता मी लेबलांच्या खोलीत आहे. कुणी ढकललं नाही, मीच मागून घेतली. मालक म्हणाले, डोकं फिरलंय का तुझं? मी म्हटलं, ज्याला काडी कळत नाही त्यानं दूर व्हावं. इथं दिवसभर डिंकाचा वास येतो. तो तरी नक्की येतो.

तुमच्यापासून एक लपवलं होतं, ते आता लिहिते. तेविसावा ग्लास माझा होता. आम्हाला शेऱ्याचा कागद येतो, त्यावर परीक्षकाचं नाव नसतं. पण 'काडी' वाचलं आणि हात कुणाचा ते कळलं. जगात हा शब्द लिहिणारं दुसरं कोण आहे? तुमचं पत्र आधी येऊन पडलं होतं, इतकं आनंदातलं, की मला सांगवेना. राग आला का म्हणाल तर आला. दोन दिवस जेवले नाही. मग वाटलं, माझी आहे हे कळून तुम्ही सोडली असतीत तर ते जास्त लाजिरवाणं झालं असतं. तुम्ही सरळ वागलात. चूक माझ्या नाकाची.

एकच बाटली भरून ठेवली होती. ती सोबत पाठवतेय, पिंपातून काढली तशीच आहे, पाणी घातलेलं नाही. मला शिकवा, मामा. काडी नेमकी कुठं आहे ते लिहा. नाक घालताक्षणी, की थोडं थांबल्यावर, की गिळल्यानंतर मागे? एवढं दाखवून दिलंत तर परत पिंपांकडे जायची हिंमत करीन. नाहीतर मग राहू दे.

तुमची
नाकतोडी


३० मे

बाळ,

मामीचा आशीर्वाद. मला लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घे. हे मी यांना न सांगता लिहितेय.

तुझं पत्र मीच वाचून दाखवलं. शेवटचं पान यांनी तीनदा वाचायला लावलं. मग बाटली उघडून, ग्लास घेऊन बाहेरच्या खोलीत बसले. मी आत कपड्यांच्या घड्या घालत होते. आतूनच म्हटलं, अहो, मनुके आणलेत का? आणि संत्रं कुणी सोललं? तसे ताडकन उठून आत आले. म्हणाले, तुला काय येतंय, नीट सांग. मी सांगितलं. म्हणाले, आणि काडी? मी म्हटलं, काडीबिडी काही नाही. मग मनात म्हटलं, आपल्याला त्यातलं काय कळतंय, जाणते ते.

त्यानंतर यांनी काय करावं? आगकाडी ओढून नाकाशी धरली. मग व्हिनेगरची बाटली मागितली. मग मला कांदा चिरायला लावला. प्रत्येक वेळी डोळे मिटून बसायचे आणि मान हलवायचे. शेवटी म्हणाले, "सगळं सारखंच चावतं गं." मला काही समजलं नाही.

पंधरा दिवस झाले, एकच चाललंय. पत्र लिहायला बसतात आणि फाडतात. दूध करपलं तेव्हाच मी म्हटलं होतं, डॉक्टरकडे चला. माझं कोण ऐकतं? काल मात्र आपणहून गेले.

तू रागावून काही लिहिलं नव्हतंस ना? मला तर पत्रात तसं काही दिसलं नाही. एक ओळ टाक त्यांना. म्हाताऱ्या माणसाला बरं वाटेल.

मामी


१९ जून

नाकतोडे,

हे सहावं पत्र. आधीची पाच फाडली, कारण प्रत्येकात मी कुठंतरी विनोद केला होता.

मला वास येत नाही. तापातून उठलो त्या दिवसापासून येत नाही. चहाचा नाही, साबणाचा नाही, मामीच्या डोक्याच्या तेलाचा नाही, जो पंचेचाळीस वर्षं उशीवर येत होता. करपलेल्या दुधाचा तर नाहीच. उभे सात वगैरे थाप होती. येईल उद्या, येईल परवा, करत बसलो. कुणाला सांगितलं नाही. स्पर्धेचं पत्र आलं तेव्हा नाही म्हणायला हवं होतं आणि मी उलट टपाली हो म्हटलं.

पहिल्या दिवशी वीस ग्लासांना मी शेजाऱ्यांच्या भुवया बघून आकडे दिले. जीभ थोडी सांगते, गोड, कडू, कोरडं; बाकी सगळं नाटक. ग्लास फिरवायचा, डोळे मिटायचे, 'हं' म्हणायचं. माझं 'हं' ऐकून लोक मान डोलवायचे. दुसऱ्या दिवशी तेविसावा आला. बाकी बहुतेकांनी पाणी घालून सौम्य केलेली पाठवली होती, तुझी होती तशीच कडक. नाक घातलं आणि काहीतरी चावलं.

तुला कसं सांगू? सात महिने आत नुसती भिंत होती आणि त्या भिंतीला कुणीतरी टोचलं. मला तू आठवलीस, नऊ वर्षांची, 'ती नाकाला चावते' म्हणणारी. म्हटलं, हीच! काडी! परत आलं माझं नाक! डोळ्यांत आलेलं पाणी त्याचं होतं. समोर कुणाचं तरी आयुष्य ग्लासात ओतून ठेवलंय हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. मला फक्त माझं नाक दिसत होतं.

नुसती दारूची चुणचुण होती ती. डॉक्टरांनी समजावलं, वास जातो पण चुणचुण राहते, तिची नस वेगळी. आगकाडी, व्हिनेगर, कांदा, तुझी व्हिस्की, मला सगळं एकच. जन्मभर नाकानं कांदे सोलले आणि शेवटी कांद्यानंच शिकवलं. बघ, आला विनोद. हे पत्र मात्र फाडत नाही.

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तो मी घेतला. आणि बुडवलं तुला.

समितीला सगळं लिहिलं. ते म्हणतात, तेविसाव्याचा निकाल दुरुस्त करू. काय दुरुस्त करणार? टाकीतून अकरा पिंपं वेगळी काढता येतात का? तुझ्या मालकांनाही लिहिलंय, माझं नाव घालून. आणि एप्रिलमधलं माझं ते पत्र, खुर्चीला चिकटणाऱ्यांचं. ते मी माझ्याबद्दल लिहीत होतो आणि वर पत्ता तुझा घातला. ते पत्र जाळून टाक.

माफ कर म्हणत नाही, कुठल्या तोंडानं म्हणू? पण त्या लेबलांच्या खोलीतून बाहेर पड. तुझं नाक चांगलं आहे. सगळ्यांत चांगलं होतं, माझं बरं होतं तेव्हासुद्धा.

एक मागतो. द्यायचं नसेल तर देऊ नकोस. मामीनं मनुके आणि संत्रं सांगितलं, पुढचं तिला सांगता येत नाही. रोज झाकण काढून बसतो मी बाटलीपाशी. त्या तेविसाव्या ग्लासात काय होतं, लिहून पाठवशील का? नियमाप्रमाणे. कागदावर.

मामा


८ जुलै

मामा,

मामीनं आधी हे स्वतः वाचावं आणि मग तुम्हाला द्यावं. मोठ्यानं वाचायचं नाही.

राग आहे. खोटं कशाला लिहू? फेब्रुवारीत मी तापाबद्दल विचारलं होतं. एक ओळ लिहिली असतीत, मला वास येत नाही, तर मी दुसऱ्या दिवशी तुमच्या दारात असते. पिंपांचं मग काय व्हायचं ते झालं असतं. तुम्ही मला उभे सात लिहिलंत.

पण रात्रंदिवस डोक्यात घोळतं ते दुसरंच. मालक सांगत होते फळं. सुतार सांगत होता, काडी नाही. माझं स्वतःचं नाक आठ दिवस रोज सांगत होतं. एवढ्या सगळ्यांना मी खोटं पाडलं आणि तुमच्या एका शब्दावर टाकीच्या कागदावर सही केली. तुम्ही चुकलात, पण सही माझी आहे. त्याला तुमची माफी पुरत नाही, मामा, आणि माझीही नाही.

टाकीतलं मिश्रण बाटल्यांत भरून दुकानात गेलं. मी एक विकत आणली. घरी बसून तासभर हुंगली, माझी कुठं सापडते का बघायला. नाही सापडली.

मालकांनी बोलावलं होतं, तुमचं पत्र समोर टेबलावर होतं. म्हणाले, पिंपांची नवी खेप आलीय, हुंगणार का? गोदामात आता जुन्यात जुनी व्हिस्की आहे ती तीन वर्षांची. आठ व्हायला अजून पाच, मग पुन्हा शेरीत वर्षभर. तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांची असेन, आणि तुम्ही, ते लिहीत नाही. सोमवारी गेले. पहिल्या पिंपात डोकं घातलं आणि मला ठरवताच येईना. आता प्रत्येक पिंपात काडी असेल असंच वाटतं. सुतार बाजूला उभा राहून वाट बघत होता. अर्ध्या तासात चार पिंपं झाली, पूर्वी चौदा व्हायची. उद्या परत जाणार आहे. जात राहीन. पण हे तुमच्यामुळे झालं, आणि हे तुम्हाला सांगायचं होतं, ते सांगितलं.

एप्रिलचं पत्र जाळलेलं नाही. ठेवलंय.

तुम्ही मागितलंत ते खाली लिहिते. माझ्याकडे थेंबही नाही, सगळी तुमच्याकडेच आहे. आठवणीनं लिहिते. बाटलीचं झाकण काढून वाचा.

ग्लास तेविसावा. नाकाशी आधी मनुके येतात. ताजे नाहीत, डब्याच्या तळाला चिकटून राहिलेले. त्यांच्यामागून संत्र्याची साल, नखानं सोलताना उडते तशी. मग घाई करायची नाही. थोडं थांबलं की जुनं लाकडी कपाट उघडल्याचा वास येतो. दोन थेंब पाणी घातलं की नव्या चामड्याचा, तुम्ही मला पहिलं दप्तर आणलं होतंत त्याचा. तोंडात अक्रोड, आणि अक्रोडाच्या सालीचा कडवटपणा, जीभ जरा कोरडी होते. गिळल्यावर लगेच संपत नाही. संपलं असं वाटतं, ग्लास खाली ठेवतो आपण, आणि मग मनुके परत येतात.

दोष: काडी नाही. आठ दिवस, रोज सकाळी बघितलं होतं.

नाकतोडी